गॅलिलिओचे पत्र आणि यहोशवाचा सूर्य

काही वर्षांपूर्वी वसई तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो. विषय होता सूर्यमाला. चहाच्या सुट्टीत एक बाई बाजूला येऊन म्हणाल्या, “सर, सातवीतल्या एका मुलाने वर्गात विचारलं की यहोशवाने सूर्य थांबवला असं बायबलात आहे, आणि तुम्ही तर म्हणता की सूर्य पृथ्वीभोवती फिरतच नाही. मग त्याने थांबवलं काय? सगळा वर्ग हसला. मुलगा गोरामोरा झाला. ‘ते धर्माचं, हे विज्ञानाचं’ असं सांगून मी पुढचा धडा घेतला. पण माझं मलाच ते पटलं नाही.”

मलाही त्या वेळी धड उत्तर देता आले नाही. प्रयोगशाळेत वीस वर्षे घालवलेल्या माणसाला सातवीतल्या मुलाच्या प्रश्नाने गप्प बसवावे, याचे वाईट वाटले. घरी परतताना आठवले की नेमका हाच प्रश्न चारशे वर्षांपूर्वी एका राजघराण्यातल्या बाईंनी विचारला होता आणि त्याचे उत्तर खुद्द गॅलिलिओने लिहून ठेवले आहे. ते पत्र मी पुन्हा काढून वाचले. आपण वर्गात गॅलिलिओची जी गोष्ट सांगतो, तिच्यापेक्षा ते बरेच वेगळे आहे. त्यात खूप काही घेण्यासारखे आहे आणि काही चुकाही आहेत. दोन्ही शिक्षकांच्या कामाच्या आहेत, म्हणून हे परीक्षण.

न्याहारीच्या वेळचा प्रश्न

डिसेंबर १६१३. इटलीतल्या पिसा गावी मेडिची घराण्याचा दरबार मुक्कामाला होता. न्याहारीला बेनेदेत्तो कास्तेल्ली हजर होता. हा बेनेडिक्टाइन पंथाचा संन्यासी, गॅलिलिओचा शिष्य आणि पिसाच्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक. बोलणे गुरूच्या ग्रहांवरून, म्हणजे गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहिलेल्या चंद्रांवरून, पृथ्वीच्या गतीवर आले. तेव्हा राजमाता क्रिस्तिना हिने शंका काढली: पृथ्वी फिरते आणि सूर्य स्थिर आहे असे मानले, तर ते शास्त्रवचनाच्या विरुद्ध जात नाही काय?

तिच्या मनात होता यहोशवाच्या पुस्तकाचा दहावा अध्याय. इस्राएलचे सैन्य शत्रूचा पाठलाग करत आहे, दिवस मावळेल आणि शत्रू निसटेल अशी भीती आहे. तेव्हा यहोशवा देवाला विनवतो आणि सूर्याला गिबोनावर व चंद्राला अयालोनाच्या खोऱ्यावर थांबायला सांगतो. सूर्य आकाशाच्या मध्यभागी थांबतो, जवळजवळ दिवसभर. एक गोष्ट इथेच नोंदवतो. मूळ हिब्रूत यहोशवाची ती आज्ञा पद्यात आहे, आणि ती ‘याशार’ नावाच्या एका जुन्या, आता लुप्त झालेल्या ग्रंथातली आहे असे बायबलच सांगते. म्हणजे लढाईच्या हकिगतीत मध्येच एका जुन्या काव्याचा उतारा आहे.

कास्तेल्लीने हा प्रसंग गुरूला कळवला. गॅलिलिओने २१ डिसेंबर १६१३ रोजी त्याला उत्तर लिहिले, आणि तेच पुढे १६१५ साली वाढवून क्रिस्तिनाच्या नावे एक दीर्घ पत्र केले. ते हस्तलिखित प्रतींतून फिरत राहिले. छापले गेले ते १६३६ साली, स्ट्रासबुर्गला. तोवर गॅलिलिओला शिक्षा होऊन तीन वर्षे उलटली होती.

पत्राचा कणा

पत्रातला मुख्य युक्तिवाद सरळ आहे. निसर्ग आणि शास्त्रवचन ही दोन्ही एकाच देवाची, तेव्हा त्या दोघांत खरा विरोध असू शकत नाही. विरोध दिसला तर आपले वाचन कुठेतरी चुकले आहे. निसर्गाला आपले बोलणे कोणाला समजते की नाही याची पर्वा नसते, तो आपल्या नियमाने चालतो. शास्त्रवचन मात्र सामान्य माणसाला समजावे म्हणून त्याच्या भाषेत बोलते. बायबलात देवाचे हात, पाय आणि डोळे येतात, त्याचा राग येतो, पश्चात्तापही येतो. हे सगळे शब्दशः घेणे पाखंड ठरेल असे धर्मपंडित स्वतःच सांगतात. मग देवाच्या हाताचा अर्थ लावायचा आणि सूर्याच्या चालण्याचा मात्र लावायचा नाही, हा कोणता न्याय? धर्मग्रंथाचा हेतू माणसाला तारण्याचा आहे, खगोलशास्त्र शिकवण्याचा नाही.

यातले पुष्कळसे गॅलिलिओचे स्वतःचे नव्हते आणि तो तसे लपवतही नाही. त्याचा मोठा आधार आहे संत ऑगस्टिन. ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीच्या पुस्तकावर मोठे भाष्य लिहिले. त्यात त्याने आपल्याच धर्मबंधूंना बजावले आहे की आकाश, ग्रह, ऋतू यांविषयी बाहेरच्या लोकांना अनुभवाने जे ठाऊक आहे, त्याच्या विरुद्ध बायबलचा हवाला देऊन बोलू नका. लोक हसतील, आणि मग ज्या गोष्टी तुम्हाला खऱ्या सांगायच्या आहेत त्यांवरही विश्वास ठेवणार नाहीत. सृष्टीचे सहा दिवस हे आपल्या दिवसांसारखे चोवीस तासांचे होते, असेही ऑगस्टिनने मानले नाही. आणि या भाष्याच्या नावातच ‘शब्दशः’ हा शब्द आहे! म्हणजे ‘शब्दशः’ याचाही अर्थ काळानुसार बदलतो. ऑगस्टिनच्या लेखी त्याचा अर्थ होता, रूपकात न शिरता प्रत्यक्ष काय घडले हे शोधणे. वृत्तपत्रातली बातमी वाचावी तसे वाचणे, हा आजचा अर्थ पुष्कळ अलीकडचा आहे.

इथपर्यंत गॅलिलिओची बाजू भक्कम आहे.

चार मिनिटांचा हिशेब

पत्राच्या शेवटी मात्र तो एक वेगळीच गोष्ट करतो. शास्त्रवचन खगोलशास्त्र शिकवत नाही असे सांगून झाल्यावर तोच यहोशवाचा उतारा हाती घेतो आणि दाखवतो की शब्दशः वाचला तरी तो टॉलेमीपेक्षा कोपर्निकसच्या मताशी अधिक जुळतो.

त्याचा पहिला भाग वर्गात घेण्याजोगा आहे. जुन्या मतानुसार सूर्याला दोन गती आहेत. सगळे आकाश रोज पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरते आणि सूर्याला आपल्याबरोबर नेते. ही गती सूर्याची स्वतःची नव्हे, ती सर्वांत बाहेरच्या गोलाची. सूर्याची स्वतःची गती उलट्या दिशेची, पश्चिमेकडून पूर्वेकडे, वर्षात एक फेरा. म्हणजे रोज सुमारे एक अंश. आकाशाला ३६० अंश फिरायला २४ तास, म्हणजे १४४० मिनिटे लागतात, तर एका अंशाला चार मिनिटे. सूर्य रोज एक अंश मागे सरकतो म्हणून त्याला त्याच जागी यायला ताऱ्यांपेक्षा चार मिनिटे जास्त लागतात. आता यहोशवाची आज्ञा अक्षरशः पाळून सूर्याची स्वतःची गती थांबवली तर काय होईल? दिवस लांबण्याऐवजी चार मिनिटांनी लहान होईल! दिवस लांबवायचा तर बाहेरचा गोल थांबवायला हवा आणि वचनात त्याचे नावही नाही. म्हणजे टॉलेमीच्या अनुयायांनाही ते वचन शब्दशः घेता येत नाही. हा टोला अचूक आहे.

पण गॅलिलिओ इथे थांबत नाही. सूर्यावरच्या डागांवरून तो स्वतःभोवती फिरतो हे त्याने दाखवले होते. आता तो सुचवतो की सूर्याच्या या फिरण्यानेच ग्रहांना गती मिळते, म्हणून सूर्याचे फिरणे थांबले की सारी व्यवस्था थांबेल, पृथ्वीही थांबेल आणि दिवस लांबेल. शिवाय सूर्य आकाशाच्या ‘मध्यभागी’ थांबला, म्हणजे विश्वाच्या केंद्रस्थानी! आज आपल्याला ठाऊक आहे की यातला भौतिकशास्त्राचा भाग चूक आहे. सूर्य विषुववृत्तापाशी सुमारे २५ दिवसांत स्वतःभोवती फिरतो. त्याचे ते फिरणे थांबले तरी त्याचे गुरुत्वाकर्षण तेवढेच राहील आणि ग्रह फिरत राहतील. पृथ्वीच्या परिवलनाचा तर त्याच्याशी काही संबंध नाही.

चुकीच्या भौतिकशास्त्राबद्दल मी गॅलिलिओला दोष देणार नाही. न्यूटनचा जन्म व्हायचा होता. दोष आहे तर्काचा. ग्रंथ खगोलशास्त्र शिकवत नाही असे एकदा म्हटले की त्यातले वचन तुमच्या विरुद्ध जात नाही आणि तुमच्या बाजूनेही उभे राहत नाही. विरोधकाच्या हातातला साक्षीदार अपात्र ठरवायचा आणि मग त्यालाच आपल्या बाजूने पिंजऱ्यात उभे करायचे, हे चालणार नाही. हा मोह फार जुना आणि सर्व धर्मांत सारखा आहे. ‘आमच्या ग्रंथात हे आधीच सांगितले होते’ असे म्हणणारा माणूस ग्रंथाचा गौरव करतो आहे असे वाटते. खरे तर तो ग्रंथाला पुढच्या शोधापर्यंतच्या मुदतीवर ठेवत असतो. उद्या ते भौतिकशास्त्र बदलले की ग्रंथ पुन्हा अडचणीत.

पत्रात दुसरीही एक फट आहे. जे निःसंशय सिद्ध झाले आहे त्याच्याशी जुळेल असा वचनाचा अर्थ लावावा, हे तो सांगतो. पण जे सिद्ध झालेले नाही आणि वचनाच्या विरुद्ध जाते, ते खोटे मानावे हेही तो मान्य करून टाकतो. आता प्रश्न असा की १६१५ साली पृथ्वीची गती सिद्ध झाली होती का? शुक्राच्या कलांनी टॉलेमीची रचना मोडीत काढली होती हे खरे. पण सगळे ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती, ही टायको ब्राहेची रचनाही त्या कलांशी जुळत होती. गॅलिलिओचा हुकमी पुरावा होता भरती-ओहोटीचा, आणि तो चुकीचा निघाला. पृथ्वीच्या भ्रमणाचा पहिला प्रत्यक्ष पुरावा, ताऱ्यांच्या प्रकाशाचे अपायन, ब्रॅडलीला १७२८ मध्ये मिळाला आणि ताऱ्याचे पराशय बेसेलने मोजले १८३८ साली. आपल्याच नियमाने गॅलिलिओने विरोधकाच्या हाती काठी दिली होती.

बेलार्मिन काय म्हणाला?

ती काठी उचलली कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिनने. फोस्कारिनी या कार्मेलाइट संन्याशाने कोपर्निकसचे मत बायबलशी जुळते असे एक पुस्तक लिहिले होते. त्याला बेलार्मिनने १२ एप्रिल १६१५ रोजी पत्र पाठवले. हे पत्र वाचल्यावर आपल्या मनातला ‘आंधळा सनातनी’ दिसेनासा होतो. बेलार्मिन म्हणतो, गणितासाठी सूर्य स्थिर धरायला हरकत नाही. पृथ्वीच्या गतीचा खरा पुरावा मिळाला, तर वचनांचा अर्थ फार जपून पुन्हा लावावा लागेल, आणि सिद्ध झालेले खोटे म्हणण्यापेक्षा ती वचने आपल्याला कळली नाहीत असे म्हणणे बरे. पण असा पुरावा मला कोणी दाखवलेला नाही.

म्हणजे अर्थ लावण्याला बेलार्मिनचाही तत्त्वतः विरोध नव्हता. ‘शब्दशः वाचणारे’ विरुद्ध ‘अर्थ लावणारे’ अशी ही लढाई नव्हतीच. अर्थ कोणी लावायचा, कधी लावायचा आणि पुराव्याचे ओझे कोणावर, हा वाद होता. १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवले होते की श्रद्धेच्या विषयात चर्चच्या आणि जुन्या आचार्यांच्या एकमताविरुद्ध कोणी आपल्या मनाने अर्थ लावू नये. प्रॉटेस्टंटांशी झगडा ऐन भरात होता. त्या काळात एका गणितज्ञाने वचनांचा अर्थ सांगायला बसणे हेच रोमला खटकले.

मग बेलार्मिनचे चुकले कुठे? माझ्या मते एका वाक्यात. सूर्य फिरतो हा श्रद्धेचा विषय नाही, असे कोणी म्हणेल. तर तो विषयामुळे नसला तरी सांगणाऱ्यामुळे श्रद्धेचाच होतो, कारण सांगणारा देव आहे, असे तो म्हणतो. याकोबाला बारा मुलगे होते हे नाकारणेही त्याच्या लेखी पाखंडच. एकदा हे मान्य केले की ग्रंथात ओघाने आलेली प्रत्येक गोष्ट, डोंगर, प्राणी, ग्रह, तारे, तपासाच्या बाहेर जाते. फेब्रुवारी १६१६ मध्ये धर्मपंडितांच्या समितीने सूर्य स्थिर असण्याचे मत पाखंड ठरवले. ५ मार्चच्या हुकमाने फोस्कारिनीचे पुस्तक बंद झाले आणि कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्त्या होईपर्यंत अडकवला गेला. ‘पुरावा नाही’ आणि ‘शोधायला बंदी’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुरावा मागायचा आणि पुरावा गोळा करण्याची वाटच बंद करायची, यात बेलार्मिनच्या चांगल्या तर्काचाही बळी गेला.

१९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कबूल केले की वचनांचा अर्थ लावण्याच्या बाबतीत गॅलिलिओ त्याच्या विरोधी धर्मपंडितांपेक्षा अधिक मर्मज्ञ होता. गंमत पाहा: शास्त्रज्ञ धर्मग्रंथ वाचण्यात बरोबर ठरला आणि पुरावा पुरेसा नाही असे म्हणणारा धर्मपंडित त्या घडीला विज्ञानाच्या दृष्टीने अगदीच चूक नव्हता. मात्र म्हणून दोघांना एका तागडीत तोलू नये. एकाच्या हाती लेखणी होती, दुसऱ्याच्या पाठीशी धर्मन्यायालय.

खोडलेला शब्द

या कथेला २०१८ साली एक पुरवणी जोडली गेली. कास्तेल्लीला लिहिलेल्या पत्राच्या दोन आवृत्त्या ठाऊक होत्या, एक जहाल आणि एक सौम्य. जहाल प्रत लोरिनी या डोमिनिकन संन्याशाने फेब्रुवारी १६१५ मध्ये रोमला पाठवली होती. गॅलिलिओने लगोलग सौम्य प्रत आपल्या मित्राकडे धाडून कळवले की लोरिनीच्या प्रतीत कोणी फेरफार केले असावेत. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयात साल्वातोरे रिच्चार्दो या इटालियन संशोधकाला गॅलिलिओच्या हातचे मूळ पत्र सापडले. त्यात जहाल मजकूर गॅलिलिओचाच आहे आणि तो खोडून वर सौम्य शब्द लिहिले आहेत तेही त्याच्याच अक्षरात! बायबलातली काही वचने अक्षरशः घेतली तर खोटी ठरतात, असे त्याने आधी लिहिले होते. ‘खोटी’ हा शब्द खोडून त्याने ती सत्याहून वेगळी दिसतात असे केले.

आपल्या आवडत्या शास्त्रज्ञाबद्दल हे वाचताना मला बरे वाटले नाही. पण हे शिक्षकांनी सांगावे असे मला वाटते. ज्याला आपला शब्द भीतीने खोडावा लागतो त्याच्या काळाबद्दल ती खाडाखोड बरेच सांगून जाते. आणि शास्त्रज्ञही हाडामांसाचा असतो, त्याची साक्षही कागदाशी ताडून पाहावी लागते, हेही.

त्याच वर्षी, गोव्यात

१६१६ या सालाचा एक धागा आपल्या भाषेशी येऊन जुळतो. रोममध्ये तो हुकूम निघाला, त्याच वर्षी गोव्यात साष्टीतल्या रायतूर इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. स्टीफन्स जन्माने इंग्रज आणि बेलार्मिनसारखाच जेझुइट. त्याने बायबलाचे शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलातली कथा त्याने पुराणासारखी सांगितली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले. श्रोत्यांना कळावे म्हणून ग्रंथ श्रोत्यांच्या भाषेत बोलतो, हे जे तत्त्व गॅलिलिओ पत्रातून मांडत होता, ते स्टीफन्स ओवीतून पाळत होता. कथा सांगणे आणि निसर्गाबद्दल निवाडा देणे या गोष्टी वेगळ्या, हे मला मान्य आहे. तरी एकाच पंथातले हे दोन जेझुइट एकाच वेळी पाहण्याजोगे आहेत.

डेटनचा साक्षीदार

वाद सतराव्या शतकात संपला नाही. १९२५ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. बायबलची बाजू मांडणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांची उलटतपासणी क्लॅरन्स डॅरो यांनी घेतली आणि त्यात पुन्हा यहोशवाचा सूर्य आला. ब्रायन यांना पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मान्य होते. मग वचनाचे काय? त्या काळच्या लोकांना कळेल अशी भाषा देवाने वापरली असावी, असे त्यांचे उत्तर होते. सृष्टीचे दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असेही त्यांनी धरले नाही. म्हणजे शब्दशः वाचनाचा त्या काळचा सर्वांत मोठा कैवारी साक्षीच्या खुर्चीत बसून गॅलिलिओचाच युक्तिवाद करत होता! सूर्याला दिलेली ही सवलत माणसाच्या उत्पत्तीला द्यायची त्याची तयारी नव्हती, एवढेच.

यावरून मला वाटते की पूर्ण शब्दशः वाचणारा कोणी नसतो. प्रत्येकजण कुठेतरी अर्थ लावतो. विचारायचे ते एवढेच की तुमची रेषा कुठे आहे आणि ती तिथेच का. शिवाय अर्थ लावण्याची बाजू घेणारे नेहमी धर्माबाहेरचे असतात असेही नाही. आर्कान्सा राज्याने शाळांत उत्क्रांतीबरोबर ‘सृष्टिविज्ञान’ शिकवण्याचा कायदा केला, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत मेथडिस्ट धर्मोपदेशक विल्यम मॅक्लीन पहिले होते आणि निरनिराळ्या चर्चचे बिशप त्यांच्याबरोबर होते. जानेवारी १९८२ मध्ये तो कायदा रद्द झाला.

मग त्या मुलाला काय सांगायचे?

पहिले म्हणजे, हसणाऱ्या वर्गाला थांबवायचे. प्रश्न क्रिस्तिनाने विचारला तेव्हा त्यावर गॅलिलिओने एवढे मोठे पत्र लिहिले, हसण्यावारी नेला नाही. मग वर्गालाच विचारावे: आज सूर्य किती वाजता उगवला? दिनदर्शिकेत ‘सूर्योदय’ छापलेला असतो. तो छापणारे अडाणी आहेत का? आपण सगळेच, मीसुद्धा, जमिनीवर उभे राहून जसे दिसते तसे बोलतो. पुढे चार मिनिटांचा हिशेब फळ्यावर करून घ्यावा. आणि मग सांगावे की तुझ्या ग्रंथातली ती आज्ञा एका जुन्या काव्यातली आहे. ती कशी वाचावी यावर तुझ्याच धर्मातल्या मोठ्या लोकांनी दीड हजार वर्षे विचार केला आहे. पृथ्वी फिरते की नाही हे मात्र त्या काव्यावरून किंवा माझ्या शब्दावरून ठरणार नाही. ते कशावरून ठरले, ते आपण पाहू.

हे शेवटचे वाक्य आपल्यालाच जड जाते. कारण आपणही एक ग्रंथ शब्दशः वाचतो, तो म्हणजे पाठ्यपुस्तक. ‘पृथ्वी फिरते, कारण पुस्तकात दिले आहे’ असे उत्तर आपण पूर्ण गुण देऊन तपासतो. मुलाने एका पुस्तकाच्या जागी दुसरे पुस्तक ठेवले, तर त्यात विज्ञान कोठे आले? ‘ते धर्माचं, हे विज्ञानाचं’ या उत्तराने मुलाच्या डोक्यात दोन कप्पे होतात, एक घरचा आणि एक शाळेचा, आणि दोन्हींत पाठांतरच भरले जाते.

त्या बाईंना मी हे सगळे पत्राने कळवले. तो मुलगा एव्हाना शाळेतून बाहेर पडला असेल. त्याचा प्रश्न चांगला होता, एवढे तरी त्याला त्या दिवशी ऐकायला मिळायला हवे होते.